काळ्या दगडाची भिंत

नागपुरात मी कुणाला सांगितलं, की माझं लहानपण खदानीवर गेलं, तर समोरचा हमखास "कोळसा?" म्हणतो. कोळसा नाही हो, मँगनीज! मग "ते काय असतं?" हा पुढचा प्रश्न येतो आणि माझं डोकं फिरतं. धरमपेठेतल्या एका बाईंनी तर "विहिरीत टाकतात ते लाल औषध का?" असं विचारलं होतं. राग मला लवकर येतो, हे कबूल. सुरुंगांच्या आवाजात वाढलेल्या माणसांना हळू बोलायची सवय नसते, आणि हळू चिडायची तर नसतेच नसते.

आमची टेकडी नागपूरच्या उत्तरेला, जबलपूरच्या सडकेपासून बरीच आत. वर उभं राहिलं की चहूकडे सपाट शेतं, आणि हवा स्वच्छ असली तर लांबवर रामटेकच्या गडावरची देवळं दिसायची. खालच्या गावांतले लोक आम्हाला "वरचे" म्हणायचे आणि त्यात थोडा हेवा असायचा. का नसावा? साठ सालाच्या आसपास दिवसच आमचे होते. टेकडीत मँगनीजचा दगड होता. पोलाद करायला तो लागतो, आणि तेव्हा तो जहाजात भरून परदेशी जायचा. वर कंपनीची क्वार्टरं होती, दवाखाना होता, नळाला पाणी होतं, टिनाच्या छपराचं सिनेमाघरही होतं. बाजाराच्या दिवशी गांधीबागेतले कापडवाले गाठोडी घेऊन ट्रकमध्ये बसून वर यायचे. भिवापूरची मिरची खालच्या गावांत जायच्या आधी आमच्या बाजारात पोचायची. माझी माय लुगड्याचा काठ बोटांत चोळून बघायची आणि कापडवाल्याला म्हणायची, "रंग गेला तं पुढच्या बाजारी तुह्याच आंगावर आनून टाकीन, सांगून ठेवते." तो हसून लुगडं बांधून द्यायचा.

माय रेजा होती. खदानीवर मजुरी करणाऱ्या बाईला रेजा म्हणत. बाबा ड्रिल मशीनवर होते. खडकाला ते भोकं पाडायचे, त्यात बारूद भरून सुरुंग उडवले जायचे, आणि फुटलेला दगड बायकांच्या पुढ्यात येऊन पडायचा. बायका ओळीने बसायच्या, हातात लहान हातोडी. दगड फोडायचा, तुकडा उचलायचा, तळहातावर एक हलकासा झोका द्यायचा. जड लागला तर तो माल, टोपलीत. हलका लागला तर कचरा, मागे फेक. डोळ्यांनी बघायची गरजच नाही, कारण काळे तर सगळेच. तोंडाने गप्पा चालू, कुणाच्या सुनेचं, कुणाच्या नवऱ्याचं, आणि हात आपले चालूच. त्या काळात टेकडीचा तोरा असा, की अगदी उत्तम तेवढाच माल विकला जायचा. जरा डावा तुकडा टोपलीत दिसला की मुकादम ओरडायचा, "फेक वं तो!" बायका फेकायच्या. त्यांच्या पाठीमागे टाकाऊ दगडाचा ढीग वर्षानुवर्षं वाढत गेला आणि खऱ्या टेकडीला खांदा लावून उभा राहिला.

हाताची ही सवय मायच्या अंगात मुरली होती. बाजारात कांदा घेतानासुद्धा ती तळहातावर झोका देऊन घ्यायची. बटाटेवाला वैतागून म्हणायचा, "मावशी, हा बटाटा हाय, मँगनीज नाई." माय त्याच्याकडे ढुंकूनही बघायची नाही. जड बटाटे घरी यायचे.

मग एकाएकी म्हणावं तसं ते सगळं आटलं. एकाएकी नाही खरं तर, पण मुलांना तसंच वाटतं. परदेशात दुसरीकडचा दगड स्वस्त मिळायला लागला म्हणे. आधी रात्रपाळी बंद झाली. मग कापडवाले येईनासे झाले. सिनेमाघराचं टिन कोणी काढून नेलं, ते कळलंही नाही. सत्तरच्या आगेमागे एका पावसाळ्याआधी कंपनीने खदान बंद केली आणि क्वार्टरं रिकामी करा म्हणून सांगितलं. मी तेव्हा शाळेच्या वरच्या वर्गात होते. टेकडी मूकच झाली. आवाज नसल्याने मला झोप येईना, इतकी आम्हाला त्या धडाडधूमची सवय होती.

लोक पांगले. कोणी कोळशाच्या खदानीवर गेले, कोणी नागपूरला विटा उचलायला. बाबांची प्रकृती तोवर पार खालावली होती. दगडाच्या त्या धुळीने हात कापायचे, चालताना पाय लाकडासारखे ताठ पडायचे, आवाज खोल गेला होता. डॉक्टर म्हणाले, खदानीचाच आजार. बाबांचं म्हणणं, नागपूरला माझ्या आत्याकडे जावं. माय म्हणाली, "मी जाऊन नाई राहिली. तुमच्या बहिनीच्या घरी कोपऱ्यात मुटकुळं करून काहून राहू? मले माही भिंत पायजे."

हे भिंतीचं प्रकरण समजावून सांगायला हवं. आम्ही बौद्ध. छप्पन साली मला कडेवर घेऊन माय नागपूरला दीक्षेला गेली होती. तिची लग्नाआधीची वर्षं माहेरच्या गावात गेली. तिथे कुणाचं भांडं हरवलं, कुणाची कोंबडी गेली, तरी झडती सगळ्यात आधी आमच्या लोकांच्या वस्तीत. तिच्या आईच्या झोपडीची कुडाची भिंत पाटलाच्या माणसांनी काठीने उपसून बघितली होती, आत काही लपवलंय का म्हणून. काही निघालं नाही. भिंत मात्र पडली ती पडलीच. माय तेव्हा लहान होती आणि पावसाळाभर तिच्या आईने तिथे लुगडं बांधून ठेवलं होतं. ही गोष्ट माय फार वेळा सांगायची नाही, पण सांगायची तेव्हा तिचा जबडा घट्ट व्हायचा. दीक्षा घेऊन आल्यावर मी कुणापुढं मान खाली घातली नाही, असं ती म्हणायची, आणि ते खरं होतं. मुकादमाला विचारा.

कंपनीचा जाणारा साहेब भला माणूस होता. ऑफिसच्या पायरीवर उभं राहून त्याने सगळ्यांदेखत सांगितलं, की टाकाऊ दगडाच्या ढिगातला दगड ज्याला हवा त्याने घरासाठी न्यावा, कंपनीची हरकत नाही. टेकडीच्या पायथ्याशी सरकारी पडीक जागा होती. राहिलेल्या बायकांनी तिथे आपापली जागा आखली. नवरे पांगलेले किंवा आजारी, म्हणून घरं बायकांनीच बांधली. माय ढिगावर बसायची, दगड निवडून टोपलीत भरायची, मी आणि माय टोपल्या उतरवायचो, बाबा आपल्या ताठ पायांनी माती तुडवायचे. रस्त्याने जाणारे हसायचे, "घर बांधून राहिली का किल्ला?" दगड काय जड होते! मान आखडायची माझी. मी कुरकुर केली की माय म्हणायची, "हलक्या दगडाची भिंत पहिल्याच पान्यात बसते. चाल उचल." मला ते पटायचं. कुणालाही पटलं असतं.

भिंत झाली. हातभर रुंद, काळीकुट्ट. आतून शेणामातीने सारवलेली, बाहेरून तशीच. नागपूरचा उन्हाळा काय असतो ते मी सांगायला नको, आणि त्यात ती काळी भिंत! दिवसभर तापायची आणि दिवेलागणीनंतरही तिच्याजवळ बसवायचं नाही. भिंतीला टेकलं की पाठ काळी. पाहुण्यांना आम्ही आधीच सांगायचो, टेकू नका हो. पण पाणी कधी आत आलं नाही. पहिल्या पावसात माय हात पाठीमागे बांधून भिंतीपुढे उभी राहिली आणि स्वतःशीच हसली. तिला इतकं खूश मी आधी बघितलं नव्हतं.

पुढची दहाएक वर्षं नुसती रेटण्यात गेली. माय हंगामात शेतावर जायची. उरलेल्या दिवसांत बायकांबरोबर नागपूरच्या मिरची बाजारात देठं खुडायला जायची, आठवडा आठवडा तिथेच राहायची. परत आली की हातांची आग होत असायची, म्हणून भाकर मी करायचे. मी मॅट्रिक झाले. पुढे नागपूरला वसतिगृहात राहून मास्तरकीचं शिक्षण घेतलं, तिथेच एका शाळेत लागले. मायला म्हटलं, आता चला नागपूरला. ती म्हणाली, "तुहं घर तुहं. माहं घर हे." वाद घालून बघितला. तिच्याशी वाद घालणं म्हणजे त्या भिंतीवर डोकं आपटणं.

ऐंशीनंतर टेकडीचे दिवस पुन्हा फिरले. नव्या भट्ट्या निघाल्या होत्या, त्यांना डावा मालही चालायचा. आम्ही ज्याला कचरा म्हणत होतो तो ढीग आता विकण्याजोगा झाला. एका ठेकेदाराने तो घेतला, ट्रक सुरू झाले, चहाच्या टपऱ्या आल्या, आणि दगड निवडायला रेजा हव्यात असा पुकारा झाला. वस्तीत दिवाळीच! मायने जुनी हातोडी काढून तिला नवा दांडा बसवून घेतला. पन्नाशी उलटलेली बाई, पण मला निरोप असा धाडला, की मिरचीच्या कामाची आता काही गरज नाही, माझं माझं काम परत आलंय.

बायकांची नावं घ्यायला ठेकेदाराचा सुपरवायझर घरोघर आला. तरुण पोरगा, पांढरा शर्ट, बोलणं हिंदी. आमच्या दारात तो ऐसपैस उभा राहिला आणि कुणी सांगायच्या आत भिंतीला टेकला. शर्ट काळा! बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तो वैतागून शर्ट झटकायला लागला, झटकता झटकता थांबला, आणि भिंतीकडे बघत राहिला. मग शेजारचा हातोडा घेऊन त्याने एका दगडाचा कोपरा उडवला, तो तुकडा हातात तोलला आणि ओरडला, "अरे, ये तो माल है! पूरी दीवार माल की है!"

झालं होतं ते असं. ढिगात दोन्ही होतं. अगदी फालतू दगड होता आणि चांगल्या काळात तोऱ्याने फेकून दिलेला डावा मालही होता. बायका घरासाठी कचरा वेचायला बसल्या, पण जन्मभर जड ते ठेवायचं आणि हलकं ते फेकायचं केलेल्या त्या हातांनी, कुणी न सांगता, पुन्हा तेच केलं. एकट्या मायने नाही, सगळ्यांनी. अख्खी वस्ती मँगनीजची! आधी बायका पोट धरधरून हसल्या. "आपन कचरा आनाले गेलो अन् माल आनून ठेवला वं!" मायही हसली. असली चूक खदानीवरच्या बाईशिवाय जगात कोण करणार?

हसणं संध्याकाळपर्यंतच टिकलं. सुपरवायझरने प्रत्येक घराच्या दाराशेजारी चुन्याची फुली मारली आणि सांगितलं, की हा ठेकेदाराच्या ढिगातला चोरीचा माल आहे, ट्रक आणून भरून नेणार. साहेबाने दिला होता म्हणावं, तर साहेब कधीच वारला होता आणि त्याने दिलं होतं ते तोंडीच.

शेजारची एक बाई नागपूरला बाजाराला आली होती, तिने मला शाळेत येऊन हे सांगितलं. डोक्यात अशी तिडीक गेली, की मी वर्ग तसाच सोडून मिळेल त्या गाडीने निघाले. वाटेत मनातल्या मनात मी त्या सुपरवायझरला काय काय बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. कलेक्टरकडे जाते, पेपरात देते, वकील करते, असा सगळा बेत बांधूनच मी घरात शिरले. माय तांदूळ निवडत बसली होती. फुलीकडे पाठ करून.

"बस," ती म्हणाली. "आधी पानी पी. तुह्या तोंडावरून वाटते आता तूच सुरुंग होऊन फुटते."

तेवढ्यात मुकादम आला. तोच जुना मुकादम, आता म्हातारा, ठेकेदाराकडे लागलेला. आत यायला ओशाळत होता. दारातूनच म्हणाला, "वैनी, सुपरवायझर साहेब म्हन्ते एक रस्ता हाय. बाजाराच्या दिवशी सगळ्याइच्या समोर तुमी म्हना का चूक झाली, आमी चोरून आनला दगड, माफी करा. मंग तुमची भिंत राहू देते. तुमी म्हटलं का बाकीच्या बी म्हन्तीन. सगळ्याइचे घरं राहतीन."

"त्यात त्याचं काय भलं होते?" मायने विचारलं.

मुकादमाने इकडेतिकडे बघितलं. "उद्या मजुरीवरून कोनी तोंड उघडलं, तं त्याले म्हनता येते ना, चूप बस, तू तं चोर हाय, घर पाडू का?"

निदान खरं बोलला बिचारा. तो गेल्यावर बाबा बाजेवरून म्हणाले, "म्हनून टाक ना. एक शब्दच तं हाय. या वयात घर कुठं बांधतं?" त्यांचा आवाज इतका खोल गेला होता, की मला त्यांच्याकडे सरकावं लागलं. शेजारच्या बायकाही आल्या. एकीने तेच म्हटलं, काय जाते वं म्हनाले? दुसरी रडायला लागली. तिची लेक बाळंतपणाला आलेली होती.

मी मात्र पेटले होते. म्हटलं, काही म्हणायचं नाही, आपण कोर्टात जाऊ! मायने तांदळाचं सूप खाली ठेवलं. "कोर्टाचं होईन तवा होईन. ट्रक परवा येते," ती म्हणाली. मग ती बाबांकडे वळली. "तुमी म्हन्ता एक शब्द. तो शब्द म्हटला तं मी चोर, अन् हे घर चोराचं. चोराच्या घरात मी राहू का? माह्या मायची भिंत उपसली तवा तिच्याजवळ काही निघालं नाई, तरी तिले गावानं चोरच म्हटलं. अन् मी आपल्या तोंडानं म्हनू? मरन पत्करलं."

"मंग भिंत?" बाबांनी विचारलं.

"भिंत जाईन. त्याइचे मानसं येऊन पाडतीन, तसं नाई. मीच पाडते."

मी भांडायला आले होते, पाडायला नाही. मायला काय काय सांगून बघितलं, चिडून, हात जोडून. शेवटी रडले. ती माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "रड. पन उद्या लवकर उठ, सामान बाहेर काढा लागते."

सकाळी आम्ही बाबांची बाज निंबाखाली नेली, भांडी नेली, छपराची कवेलू उतरवली. मायने पदर खोचला, हातोडी घेतली आणि दाराशेजारचा फुलीचा दगड पहिल्यांदा काढला. मी दुसरा काढला. असं आम्ही दोघीच काढत होतो. थोड्या वेळाने पाठीमागे हातोडीचा आवाज आला. बघते तर शेजारीण, काल रडणारी. आपल्या भिंतीपुढे उभी राहून तिने तिचा फुलीचा दगड काढला होता. मायने तिला हात करून थांबवलं. "तू नको काढू वं. तुह्या घरी बाळंतीण हाय. तू इकडे ये." ती आली. मग एकेक करत साऱ्याच आल्या, आपापली हातोडी घेऊन, आणि जुन्या सवयीने ओळीने बसल्या. आमची भिंत त्यांनी दगड दगड करून उतरवली. प्रत्येक दगड तळहातावर झोका देऊन बघितला. माल एकीकडे, कचरा एकीकडे. कचऱ्याच्या बाजूला जवळजवळ काही पडलंच नाही.

ट्रक आला तेव्हा माल रचून तयार होता. सुपरवायझर खूश झाला. बायका हातोड्या घेऊन बसलेल्या बघून त्याला वाटलं, कामालाच आल्या. "शाबास! कल से ढेर पर आ जाना," असं म्हणाला. बाकीच्या घरांचं नंतर बघू, असं सांगून तो ट्रकमधून आमची भिंत घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी ढिगावर एकही रेजा गेली नाही. त्यानंतरही नाही. दहा वर्षं ज्या कामाची वाट बघितली ते काम समोर उभं होतं आणि या बायका घरी बसल्या होत्या. सोपं होतं का? छे! घरात चूल पेटायची मारामार. मी नागपूरहून पोतंभर तांदूळ आणून टाकला, तो सगळ्यांनी वाटून घेतला. शाळेत माझी रजा बिनपगारी झाली, होऊ दे म्हटलं. माय निंबाखाली ताडपत्री बांधून बाबांना घेऊन राहिली. सुपरवायझरने बाहेरगावच्या बायका आणल्या. त्यांना राहायला जागा नाही, प्यायला पाणी नाही, दोन दिवसांत त्या परत गेल्या. स्टेशनात वॅगन लागलेल्या, भरायला निवडलेला माल नाही, वरून ठेकेदाराचे फोन. मुकादम रोज ताडपत्रीपाशी येऊन बसायचा.

एक दिवस म्हणाला, "वैनी, साहेब तुमचे दगड वापस पाठवाले तयार हाय. फुल्या बी पुसून देते."

"दगड नाई पायजे," माय म्हणाली. "ढीग मोठा हाय, दुसरे आनू. त्यानं जे म्हटलं ते वापस घ्याव. जसं माह्याकडून पायजे होतं तसंच. बाजारात. सगळ्याइच्या समोर."

मुकादम गेला, आला, पुन्हा गेला. मधे ठेकेदार स्वतः गाडीतून येऊन गेला आणि मायला म्हणाला, की तुला मुकादमीण करतो. ती म्हणाली, करा ना, पण आधी बाजारात बोला. तो चडफडत निघून गेला. बाबांना ताडपत्रीखाली ताप भरला. त्या रात्री मी मायच्या तोंडाकडे बघत होते, आता तरी ही वाकेल का म्हणून. तिने बाबांच्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं आणि विचारलं, "तुमी सांगा. जाऊन म्हनू का?" बाबा त्या खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "नको म्हनू." माय तेव्हा रडली. त्या सगळ्या दिवसांत एकदाच.

पुढच्या बाजारी सुपरवायझर आला. बाजार भरलेला, खालच्या गावांचे लोक, भाजीवाले, मिरचीवाले, सगळे. आमच्या बायका ओळीने बसलेल्या, माय मधोमध. मी बाबांना धरून कडेला उभी होते. तो मायच्या पुढ्यात आला, घसा खाकरला, खाली बघत पुटपुटला, "इन्होंने चोरी नहीं की. माल इनको दिया हुआ था. गलती हमारी थी." आणि निघायलाच वळला.

"साहेब," माय बसल्या जागेवरून म्हणाली, "मागच्याइले ऐकू नाई आलं."

तो थांबला. अख्खा बाजार थांबला. तराजू हातात धरून भाजीवाले बघत राहिले. त्याचं तोंड लाल झालं होतं आणि मला क्षणभर वाटलं, आता हा शिवी देऊन निघून जाईल, गेलं सगळं. त्याने कपाळावरचा घाम पुसला, मान वर केली, आणि अगदी शेवटच्या मिरचीवालीलाही ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाला, "इन बाइयों ने कोई चोरी नहीं की!"

"आता आलं," माय म्हणाली, आणि हातोडी घेऊन उठली.